गाण्यातली बारव

मी गाव सोडलं त्या सकाळी आबा एसटीच्या खिडकीखाली उभे होते. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते गवंडी. कुणाच्या तरी घराचा गिलावा अर्धा टाकून आले होते, हाताला ओलं सिमेंट तसंच होतं. माय रडत होती. आबा रडले नाहीत. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "बाई, तिकडं कुणी लईच गोड बोलायलं, तर जरा थांबून बघ."

लातूरकडच्या आमच्या वस्तीतून डिप्लोमा करून कंपनीत निघालेली मी पहिली मुलगी. वाटलं होतं, काहीतरी मोठं सांगतील. पण तुम्ही जे तिकडे राहिलात, आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, तुम्हाला माहीत आहे की आपल्याकडे आईबापांनी शंका हीच शिदोरी म्हणून बांधून दिलेली असते.

आधी पुण्याजवळ चिखलीत मावशीच्या पत्र्याच्या खोलीत राहिले. लग्नानंतर तिथेच भाड्याचा फ्लॅट घेतला. नवरा तळवड्याला जातो, मी चाकणला. गाड्यांना लागणाऱ्या वायरिंगची तपासणी हे माझं काम. इथे लाइनवर कोण कुठल्या जिल्ह्याचं याला महत्त्व नाही, टार्गेटला आहे. तरी माणसं विचारतात. आधी "गाव कुठलं?", मग थोड्या वेळाने, सहज विचारल्यासारखं, "आडनाव काय?" त्या दुसऱ्या प्रश्नाशी मी नेहमी सावध होते. उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा बघते. बदलला नाही तरी बघते.

मग ते गाणं आलं. देश फिरायला चला, आपलंच आहे सगळं, अशा अर्थाचं. पर्यटन वाढावं म्हणून काढलेलं, पण चाल अशी की पाय थांबेनात. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर ते रोज लावायचा, सोसायटीच्या कार्यक्रमात पोरी त्यावर नाचल्या. मीही नाचले. खोटं कशाला सांगू, मला आवडायचं ते.

त्याच्या नव्या व्हिडिओत महाराष्ट्रातल्या जागा होत्या. जेवणाच्या सुट्टीत रोहिणीने, माझ्या लाइनवरच्या रत्नागिरीच्या मैत्रिणीने, मोबाइल माझ्यासमोर धरला. "अगं, ही बारव तुझ्या गावची ना? तू फोटो दाखवला होतास!"

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. आमची होती खरी. तिच्या पायऱ्यांवर रंगीत कपड्यांत मुलं-मुली नाचत होती. आणि वर, कडेला, लाल पटका बांधलेला एक म्हातारा गळ्यात हलगी अडकवून हसत होता. पुढच्याच क्षणी त्या हलगीवर सपासप काड्या मारणारे दोन हात दिसले.

तो म्हातारा म्हणजे आबा.

"तुझे वडील कलाकार आहेत आणि तू बोलली नाहीस?" रोहिणी म्हणाली. टेबलाभोवती सगळ्याजणी गोळा झाल्या. मी हसले. डबा मात्र तसाच झाकून ठेवला.

त्यांना काय सांगणार होते मी? आज्याच्या काळापर्यंत गावात मयत झाली, दवंडी द्यायची झाली, की हलगी आमच्याच वस्तीने वाजवायची. ती कला नव्हती, सक्ती होती. धम्म घेतल्यावर आज्यांनी हलगी चावडीपुढे नेऊन ठेवली आणि सांगितलं, आता न्हाई. त्यापायी गावाने त्यांचं काम बंद केलं. तेव्हापासून आमच्या घरात हलगी नाही. आणि ती बारव! आमच्या माणसांना तिच्या पायऱ्या उतरायची बंदी होती. आजी घागर घेऊन वरच्या कडेला उभी राहायची, कुणी वरून ओतेल तोवर. अगदी तिथेच, त्याच कडेला, आबांना उभं केलं होतं. तेही हसत.

मी फोन लावला. "आबा, ते तुम्हीच का?"

"हौ. मीच. आलीस की बोलू."

पुढचे काही महिने वाईट गेले. मला सगळ्यांचा संशय येत होता. गाणं काढणाऱ्यांचा होताच. सरपंचाच्या मुलाचा, विक्रमचा होता. पण रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याला चहा देताना मी बोलून गेले, "आबांनाच कॅमेऱ्याची भुरळ पडली असेल तर?" तो म्हणाला, "जाऊन विचार. इथं बसून बापावर खटला चालवू नको."

गेले. गावाच्या फाट्यावर नवी कमान, तिच्यावर कर्णा, कर्ण्यावर तेच गाणं. बारवेपाशी गाड्या लागलेल्या. विक्रमने चहाची टपरी टाकली होती आणि तिच्या खांबाला एक हलगी अडकवली होती, फोटोसाठी. येणारा-जाणारा गळ्यात घालून हसत होता.

आबा घरी, भिंतीला टेकून बसलेले. मी काही विचारायच्या आत मायच बोलली.

"विक्रम घेऊन आला त्या लोकास्नी. म्हणला, ह्यांच्याकडं पिढीजात हाय. हलगीबी त्यानंच आणली इकत. हे न्हाई म्हणले. धा बार न्हाई म्हणले."

"मग?"

"त्यातली एक पोरगी होती," आबा म्हणाले. "तुझ्याच वयाची. लई गोड. म्हणली, बाबा, वाजवू नका, नुसतं धरा. मग मी म्हणलं, धरतो. पर मी खाली उभा राहणार, पाण्याजवळच्या पायरीवर. वर कडंला न्हाई. ती हौ म्हणली."

"खाली उभं केलं?"

"केलं की. तास-दीड तास हुभा होतो. तुझी माय बघत होती."

"मग ते वरचं कुठून आलं?"

"त्याच्या आधी उजेड बघायला मला वर थांबवलं होतं. पटका डोळ्यावर आला, म्हणून हसलो. तेवढंच घेतलं त्यांनी." ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. "अन् ते हात माझे न्हाईत, बाई. बघ नीट. गवंड्याचे हात असे असतात का?"

मी मोबाइल काढून पुन्हा बघितलं. गुळगुळीत, तरुण हात होते. आणि मी स्वतःच्या बापाचे हात ओळखले नव्हते.

"मला वाटलं, माझा बाप बारवेच्या तळाशी उभा हाय हे सगळ्या देशाला दिसंल," आबा म्हणाले. "माझ्या रूपानं."

ऊन उतरल्यावर मीच म्हटलं, चला. आम्ही तिघं बारवेवर गेलो. टपरीजवळच एका बाईने त्यांना ओळखलं. "अहो, गाण्यातले बाबा! एक फोटो ना, हलगी घेऊन!"

विक्रमने हलगी काढून पुढे केली. "घ्या काका. तुमच्यामुळं गावाचं नाव झालं. रस्ता झाला." रस्ता खरंच झाला होता, मी त्याच रस्त्याने आले होते.

आबांनी हलगी घेतली नाही. त्या बाईला म्हणाले, "मी गवंडी हाय. बारव बघायची असंल तर या, दगड कसा बसवलाय ते दाखवतो." आणि ते पायऱ्या उतरू लागले. माय त्यांच्या मागे, मी मायच्या मागे. ती बाई जरा घुटमळली, मग तीही आली. विक्रम वरून हाका मारत होता, "काका, वर या, लोक थांबलेत!" आबा तळाच्या पायरीवर बसून तिला सांधा दाखवत राहिले. मी तिथे त्यांचा फोटो काढला. तो कुठे टाकला नाही. माझ्याकडेच आहे.

परत आल्यावर मी रोहिणीला सगळं सांगितलं. आडनावासकट, हलगीसकट. कंपनीची बस खड्ड्यांतून चालली होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ मला आजही नक्की सांगता येणार नाही. मग तिने विचारलं, "तरी नेशील आम्हाला ती बारव बघायला?"

"नेईन. पण आधी माझ्या घरी उतरायचं. बारव नंतर."

थंडीत त्या आल्या. माय तांब्या आणि पेले घेऊन बाहेर आली. रोहिणी पेला गटागट प्यायली आणि पुन्हा पुढे केला. दुसरी एक म्हणाली, "काकू, माझ्याकडे बाटली आहे." असेल. प्रवासात बाहेरचं पाणी बाधतं काहींना. असेलही तसं.

चिखलीत माझं बिऱ्हाड आहे, मुलीची शाळा आहे, तिथेच मी म्हातारी होईन. पण कुणी घर कुठे म्हणून विचारलं तर मला त्या दिवशीचा आमचा उंबरा आठवतो. गाण्यातल्यासारखं आपलंच आहे सगळं म्हणणारे भेटले, की मी अजून मनाने त्या उंबऱ्याशी उभी राहते, आणि माय पेले भरत असते तोवर एकेकाच्या हाताकडे बघत राहते.