मामांची बारावी बाटली

आमच्या मामांना कारखान्यात सगळे 'थांबा' म्हणत. वाईनच्या तळघरात तीस वर्षं काढलेला माणूस. कुणी पिंपाजवळ गेलं की यांच्या तोंडून पहिला शब्द तोच.

मामी त्याच कारखान्याच्या मळ्यात द्राक्षं खुडायची. लग्न ठरलं त्या हंगामात तिने खुडलेल्या सिराह द्राक्षांच्या वाईनच्या बारा बाटल्या मामांनी पुढे घरी आणल्या आणि जिन्याखालच्या कपाटात आडव्या ठेवल्या. "कोवळी असताना ही जीभ कोरडी पाडते. नीट मुरली की पहिला ग्लास तुझा," असं त्यांनी कबूल केलं. मामी एरवी वाईनला शिवत नसे, पण ही तिच्या हातची होती.

मुरली की नाही, हे बाहेरून कळत नाही. म्हणून पाचव्या वर्षापासून मामा दरवर्षी एक बाटली फोडत. पांढऱ्या कागदावर ग्लास कलता धरून कडेचा रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवून मोरीत थुंकायचा. "अजून कोवळी आहे." उरलेली बाटली तळघरातल्या दोस्तांच्या घशात जायची. मामी म्हणायची, "तपासता तपासता संपवाल सगळ्या!" मामांचं उत्तर ठरलेलं: "शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत नाही धरवत तुला."

गेल्या वर्षी अकरावी फोडली तेव्हा मी तिथेच होतो. कडेचा जांभळा जाऊन विटकरी रंग आला होता, काळ्या मिरीसारखा वास खोलीभर पसरला. मामा या वेळी थुंकले नाहीत, घोट गिळला. मामीने ते बघितलं आणि ग्लास पुढे केला.

"झाली ना? द्या मला."

"झाल्यातच जमा आहे. पण अजून एक वर्ष थांब, मग बघ! तुला देईन तर उत्तमातली उत्तमच देईन."

मीही शहाणपणा करून मामांचीच री ओढली. त्याची मला अजून लाज वाटते. मामीने ग्लास धुऊन पालथा घातला.

यंदा तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास आणि चव गेली ती गेलीच. चार महिन्यांनी डॉक्टरांनीही हात टेकले. त्या दिवशी मामांनी बारावी फोडली. कागद घेतला नाही, रंग बघितला नाही, सरळ तिला ओतून दिली.

तिने घोट घेतला. मामा तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ओली लागते," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, कशी झालीय?"

परक्या पाहुण्यांपुढे एकेका घोटावर तासभर बोलणारे मामा. त्यांनी चव घेतली आणि मान खाली घातली. "गेल्या वर्षीच झाली होती गं."

"गेल्या वर्षी मी मागितली होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मामांनी तिचा ग्लास भरायला बाटली उचलली, तेव्हा तिने ग्लासवर हात आडवा धरला.

"तुम्हीच प्या आता. तुम्हाला लागते ना चव."