तीन वर्षांची मालकीण

मशीन यायच्या आधी पाटी आली. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडवर दादाने ती स्वतः ठोकली. वर योजनेचं नाव, मध्ये गृहउद्योगाचं, आणि खाली प्रोप्रायटर म्हणून वहिनीचं पूर्ण नाव. वहिनी दारात उभी राहून बघत होती. एवढ्या मोठ्या अक्षरांत तिचं नाव तिच्या लग्नपत्रिकेतही नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, नाव सोनुबाई झालीस हो." ती हसली. म्हण अर्धी सोडली होती, ती तिने मनातल्या मनात पुरी केली असणार.

मी तेव्हा सासर कायमचं सोडून दादाकडे आले होते. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईने जिभेला लगाम घालावा म्हणतात. मी घातला नाही, आणि वहिनीने कधी घालायला लावला नाही.

कर्ज काढलं होतं दादाने, पण वहिनीच्या नावावर, कारण बाईला सबसिडी जास्त. ती सबसिडी हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं अडकून पडते आणि उद्योग चालू दिसला तर कर्जातून वजा होते. दादाचं खताबियाण्यांचं दुकान तेव्हा डबघाईला आलं होतं. कर्जातला खेळत्या भांडवलाचा भाग दुकानात फिरवायचा आणि मशीन शेडमध्ये झाकून ठेवायचं, असा त्याचा साधा हिशेब होता. आमच्या ओळखीत अशा मालकिणी पुष्कळ होत्या. कुणाच्या नावावर गिरणी, कुणाच्या नावावर झेरॉक्सचं दुकान, आणि मालकीण घरात भाकरी थापते आहे.

"तुले काहीच करानं नही," दादा वहिनीला म्हणाला होता. "निस्ती सही करानी शे."

तिने केली. तीन वर्षांनंतर काय, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

पहिल्या तपासणीला योजनेचे साहेब न कळवता आले. तरुण होते, उन्हाने लाल झालेले. दळायचं मशीन, शिजवायची मोठी कढई, सगळ्यावर प्लास्टिक तसंच होतं. दादा म्हणाला, "आजच लाइट गेली साहेब, नाहीतर रोज चालू असतं." साहेबांनी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर गेले.

"पंधरा दिवसांनी परत येतो," साहेब म्हणाले. "माल दिसला पाहिजे, कामाला बायका दिसल्या पाहिजेत. नाहीतर मी तसं लिहीन."

दादाचं जेवण गेलं. दुसऱ्या दिवशी तोड वहिनीने काढली. चैत्र चालू होता, गल्लीत घरोघरी बिबड्यांची ज्वारी भिजत पडली होती. आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एकटीने कुणी करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्या मिळून पहाटेपासून घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर थापायचा, खाटेवर उलटवायचा. वहिनी दारोदार गेली आणि सांगून आली की यंदा सगळ्यांनी आपापली ज्वारी आमच्या शेडमध्ये आणा. दळण फुकट, कढई फुकट.

साहेब आले तेव्हा शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरावीस बायका, धूर, हसणं, बाहेर खाटांवर पांढरेशुभ्र बिबडे. वहिनीने साहेबांना वाटीभर गरम घाटा दिला, वर कच्चं तेल सोडून. त्यांनी तो चाटूनपुसून खाल्ला आणि विचारलं, "विकता कुठे?"

दादा तोंड उघडणार तोच वहिनी म्हणाली, "नंदुरबारना बजारमा इकतस." चेहऱ्यावर रेषही हलली नाही. साहेबांनी लिहून घेतलं आणि गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. दादाच्या हिशेबाने संपलीच होती. पण खोटं बोलल्याचं वहिनीला रात्रभर टोचत राहिलं. सकाळी तिने आमच्या वाट्याचे वाळलेले बिबडे पिशवीत भरले आणि मला म्हणाली, "चल ताई." आम्ही एसटीने नंदुरबारला गेलो. बाजारात एका मारवाडी शेठजींच्या किराणा दुकानापुढे ती उभी राहिली, आणि पाय पुढे पडेनात. मीच ढकललं. शेठजींनी एक बिबडा मोडून पाहिला, मग आत शेठाणींकडे तळायला पाठवला. शेठाणी पडद्याआडून म्हणाल्या, "सगळे ठेवून घ्या."

परतीच्या एसटीत वहिनी रिकामी पिशवी नीट घडी घालून मांडीवर धरून बसली होती. ती खूश होती, आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

मग ते वाढत गेलं. बिबडे, मग नागलीचे पापड, लग्नसराईत रुखवताची ताटं. चार बायका कायमच्या कामाला आल्या, आणि पाचवी मी. वहिनी मला इतरांइतकाच पगार द्यायची, सगळ्यांसमोर, म्हणजे मी भावाचं खाते असं कुणी म्हणू नये. पहिल्या पगाराची मी चप्पल घेतली. माझ्या पसंतीची, जरा उंच टाचेची, कारण ती घ्यायला कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या चौघींत गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक भिल्ल बाई होती. दर दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायची, पोरं घेऊन. त्या वर्षी पहिल्यांदा नवरा एकटा गेला. पोरं इथेच शाळेत राहिली. ती घाटा घोटायची तेव्हा कढई हलायची, एवढा तिच्या हातात जोर होता.

पाकिटावर आधी दादाचा मोबाइल नंबर छापला होता. वहिनीने तो बदलून घेतला. तेव्हापासून घरात फोन वाजला की दादा उचलायला जायचा आणि तो वहिनीचा असायचा. तो कधी चिडला नाही. चहा करायचा, बायकांनाही द्यायचा. मी दादाला वाईट म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

तिसरं वर्ष लागलं तसे दोघेही दिवस मोजू लागले. वहिनी म्हणायची, एकदा सबसिडी वजा झाली की हप्त्याचं ओझं उतरेल, मग पापडाचं दुसरं मशीन घेऊ, आणखी दोघींना कामावर घेऊ. हे ती मला म्हणायची, रात्री पाकिटं बंद करताना. दादाला म्हणायची नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे, त्याला दिसतंच आहे, असं तिला वाटायचं. दादालाही तसंच वाटत होतं.

सबसिडी वजा झाल्याचं बँकेतून कळलं त्या संध्याकाळी दादाने जिलेबी आणली. वहिनीने दालबट्टी केली. मी त्या दोघांना एवढं हसताना खूप दिवसांनी पाहत होते.

पुढच्या आठवड्यात सकाळी एक टेम्पो आला. वहिनीला वाटलं, दादाने न सांगता नवं मशीन आणलं. ती पदर खोचून धावत बाहेर गेली आणि ड्रायव्हरला हात करून सांगू लागली, मागे घ्या, अजून मागे, डावीकडे नाली आहे. टेम्पो बरोबर शेडच्या तोंडाशी लागला. तो रिकामा होता. दोन माणसं उतरली, पाना घेऊन आत गेली आणि दळायच्या मशीनचे बोल्ट सोडू लागली.

कढई तेव्हा चुलीवर होती. ती भिल्ल बाई घोटणं हातात धरून तशीच उभी राहिली.

"हाई काय करी ऱ्हायनात?" वहिनीने दादाला विचारलं.

"इकी टाकं," तो म्हणाला. "दोंडाईचाना गिऱ्हाईक भेटी गयं. आते कसाले ठेवानं? तीन वरीस व्हई गयात."

"मशीन मन्हं शे ना?"

"तुन्हा नाववर शे," दादा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. नाव आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याच्या लेखी सगळ्या जगाला ठाऊक होतं. मग तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तीन वरीस मन्हासाठे राबनी तू. आते बठ निवांत."

तो हे प्रेमाने बोलला. खरंच त्याला वाटत होतं की आपल्या कर्जापायी बायको धुरात मरते आहे आणि आज आपण तिला सोडवतो आहोत. मी तिथेच त्याच्याशी भांडले. गरज सरो नि वैद्य मरो, म्हणाले. ऐकणारे दोघं गडी हसले. वहिनीने माझा दंड धरला आणि म्हणाली, "ताई, घाटा लागेल खाली, उतरव." मी उतरवला. तेवढेच बिबडे त्या दिवशी थापले गेले.

शेडमध्ये दुकानाचं खत आलं. युरियाच्या वासात खायची वस्तू करता येत नाही. शेठजींचे फोन महिनाभर येत राहिले. वहिनी प्रत्येक वेळी सांगायची, "तब्येत बरी नही." धंदा नवऱ्याने विकला हे सांगण्यापेक्षा आजारी असणं तिला बरं वाटलं. भिल्ल बाई दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली. जाताना भेटायला आली, दोन्ही पोरं हाताशी. वहिनीने घरातले होते ते सगळे बिबडे तिच्या पदरात घातले. ती गेल्यावर वहिनी ओट्याला टेकून रडली. मला तिला कसं धरावं ते कळलं नाही, म्हणून मी नुसती शेजारी उभी राहिले.

यंदा दुकान पुन्हा अडचणीत आहे. एका कुटुंबात हे कर्ज एकालाच मिळतं, वहिनीच्या नावावर आता निघत नाही. पण मी वेगळी धरली जाते. नवऱ्यापासून विभक्त, बाई, शिकलेली. दादाने सगळी चौकशी करून ठेवली आहे. काल रात्री जेवण झाल्यावर कागद माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "तुले काहीच करानं नही." मग झोपायला गेला.

मी वहिनीकडे पाहिलं. ती सकाळची मेथी निवडत बसली होती. मला वाटलं ती म्हणेल, करू नको. तसं म्हणाली असती तर मी तो कागद तिथेच फाडला असता, मग दादा काहीही म्हणो.

"करी दे सही, ताई," ती मान वर न करता म्हणाली. "तीन वरीस तरी भेटतीन."