हंगामाच्या सणाचा खलबत्ता

आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण जोरात होतो, आणि बहुतेकांकडे कुंडीएवढीही जमीन नाही. गावाकडच्या चर्चमध्ये या दिवशी कणसं, भोपळे, कोंबड्या अर्पणाला येतात आणि उपासना झाली की त्यांचा लिलाव होतो. आम्ही पडलो भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली माणसं. कोणी लोणचं घालून आणतं, कोणी पिशव्या शिवून आणतं. एका कंपनीच्या पेंट शॉपमधल्या काकांनी एकदा लाकडी स्टूल रंगवून आणलं. त्याला नव्या गाडीसारखी चमक होती, त्यावर बसायला कोणी धजेना. नियम एकच, वस्तू आपल्या हातची पाहिजे.

हातचं काम मीही लहानपणीच शिकले होते, पण ते अर्पणाला नेण्यासारखं नव्हतं. आई गेलेली, बाप दारूत, मी पिंपरी स्टेशनजवळ पोरांच्या टोळीत वाढले. आम्ही केबल चोरायचो, नदीकाठी जाळायचो आणि आतलं तांबं भंगारवाल्याला विकायचो. दोनदा पकडले गेले. दुसऱ्यांदा मुलींच्या निरीक्षणगृहात रवानगी झाली. तिथे दर रविवारी एक नर्सबाई यायच्या. त्यांनी मला आधी केस विंचरायला शिकवलं, मग वाचायला, मग प्रार्थना करायला. मी विचारलं, "चोरट्या पोरीचं देव ऐकतो का?"

त्या म्हणाल्या, "तुझं तर आधी ऐकत असेल. किती ओरडतेस!"

पुढे मी बी.ए. झाले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारी मीच पहिली. आज चाकणला एका कंपनीत स्टोअर सांभाळते. तिथून तांब्याची वायर माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाही. येशूला विनोद कळतो, याबद्दल तेव्हापासून माझ्या मनात शंका नाही.

शनिवारी मी चर्चच्या मागच्या खोलीत पोरापोरींना घेऊन बसते. पोलीस चौकीत ज्यांचे चेहरे पाठ आहेत अशी ही मंडळी. थोडी प्रार्थना, भरपूर भेळ आणि त्याहून जास्त भांडणं. त्यातलीच एक मुलगी, सतरा संपून अठरावं लागलेली. बसमध्ये पाकिटं मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी शब्द टाकला म्हणून भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या शेठनी तिला लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, शिकाऊ घेतलं. सहा महिने बघतो म्हणाले. ते सहा महिने सणानंतरच्या सोमवारी संपणार होते. त्या दिवशी तिला एक तर स्वतःचं मशीन मिळणार होतं, नाही तर घरची वाट. आणि घर म्हणजे पुन्हा तीच गल्ली, त्याच मैत्रिणी, तीच बस.

भोसरीत गुरुवारी सुट्टी. सणाच्या आधीच्या गुरुवारी ती माझ्याकडे आली आणि ओढणीतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. पितळेचा खलबत्ता, मुठीत मावेल एवढा. खलाच्या काठाला तिने दोन बारीक रेघा काढल्या होत्या, बांगडीवर असतात तशा. मला इतका आनंद झाला की मी तिचा मुकाच घेतला. बत्ता हातात घेऊन फिरवला, आणि माझ्यातली स्टोअरवाली जागी झाली.

"पितळ कुठलं गं?"

"तुकडा होता. कोपऱ्यात पडलेला."

"शेठना विचारलंस?"

ती छताकडे बघायला लागली.

"अगं, विचारलंस का?"

"ताई, सगळेच घेतात. एक जण तर पोरीसाठी भोवरा बनवून घेऊन गेला."

"म्हणजे नाही विचारलंस."

"बघा, कोण बोलतंय! तुमी तर आख्खी केबल जाळायच्या."

हे पोरांना सांगून मीच ठेवलेलं, त्यामुळे तक्रार कुठे करणार? खरं सांगते, गप्प बसावं असं मला वाटलं. तुकडा तो केवढा! शेठना कळलंही नसतं. पण रविवारी तो खलबत्ता ती वेदीसमोर ठेवणार, आपल्या हातचा म्हणून, आणि आम्हा दोघींनाच ठाऊक असणार की तो अर्धाच तिचा आहे. मग शनिवारी मी त्या पोरांसमोर कुठल्या तोंडाने बसणार होते?

"उद्या सांगायचं," मी म्हणाले.

"काढून टाकतील."

"टाकतील कदाचित."

"तुमाला काय, तुमची नोकरी पक्की!" ती रडली, मग माझ्यावर चिडली, मग तिने माझ्याच डब्यातले दोन लाडू खाल्ले. जाताना म्हणाली, "पण तुमी संगं यायचं."

माझी सेकंड शिफ्ट होती. शुक्रवारी सकाळी आम्ही वर्कशॉपवर गेलो. शेठ तिथल्याच जुन्या गाववाल्यांपैकी. जिथे त्यांचे वडील कांदा लावायचे तिथे आता चार लेथ उभे आहेत. ते चहा पीत होते. तिने खलबत्ता त्यांच्यासमोर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाजूच्या मशीनवरच्या माणसाने ऐकण्यासाठी मशीन बंद केलं, तेवढं तरी तिला चुकवता आलं असतं तर बरं झालं असतं.

शेठनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "रविवारी देवाला जायाला दोन तास इचारून घेतीस. आन् देवाला द्यायचं पितळ न इचारता?"

ती पायाच्या बोटांकडे बघत उभी.

"चुकलं, शेठ."

"व्हय, चुकलंच." त्यांनी खल उचलला, खिशातून व्हर्निअर काढलं आणि काठाची जाडी मोजली. एकीकडून मोजली, दुसरीकडून मोजली. चष्मा वर केला. आणि आता खरे संतापले. "हे काय? हिकडं जाड, तिकडं पातळ! जॉब सेंटरला, बराबर मधोमध, धरला न्हवता तू!"

"घाई होती... कोणी बघायच्या आत..."

"मंग? चोरीचं काम असंच वाकडं व्हतं. देवाला असलं देतीस व्हय? आमची बायकू भाजीवालीकडनं भोपळा बी असला वाकडा घेणार न्हाई!" मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, तुमाला पण दिसलं न्हाई?"

मी बी.ए. असूनही मला दिसलं नव्हतं, हे मी कबूल केलं.

त्यांनी वाकडा खल ड्रॉवरमध्ये टाकला. आठ दिवस शॉप झाडायची शिक्षा दिली. मग रॅकवरून पितळेचा नवा तुकडा काढून तिच्यासमोर धरला. ती हात पुढे करेना.

"घे की!"

"शेठ... घेऊ का?"

"आत्ता कसं बोललीस!"

शुक्रवारी आणि शनिवारी तिने जेवणाची सुट्टी मशीनवर घालवली. आमच्या खोलीत ती आली तेव्हा केसात पितळेचा सोनेरी कीस अडकलेला होता आणि पोरं तिला नवरी नवरी म्हणून चिडवत होती. मी सोमवारचं विचारलं. शेठ काहीच बोलले नाहीत म्हणाली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना केली. एका पोराने तर मोठ्याने मागितलं, "प्रभू, हिला मशीन दे, नाहीतर ही आमची भेळ संपवेल."

रविवारी लिलाव पुकारणाऱ्या पंचांनी खलबत्ता वर धरला. "कुणाच्या हातचा?"

ती उभी राहिली. कधी चार माणसांत न बोलणारी पोरगी. "माझ्या. पितळ शेठचं आहे. पहिल्यांदा न विचारता घेतलेलं, ते सांगून टाकलं. हे विचारून घेतलंय."

मग मागून एक आजी ओरडल्या, "अगं, आलं कुटलं जाईल ना त्यात?" आणि चर्च हसत सुटलं. घेतला त्यांनीच. तिथल्या तिथे आलं आणवून कुटलं आणि सगळ्या मंडळीला त्याचा चहा पाजला. आलं जरा जास्तच झालं होतं. सगळे खोकत होते, आणि कप मात्र पुन्हा भरून घेत होते.

सोमवारी दुपारी स्टोअरमध्ये फोन वाजला.

"ताई, मशीन दिलं! आतल्या कोपऱ्यातलं, जुनं हाय. लय आवाज करतं!"

"काय म्हणाले शेठ?"

"काय नाही. म्हणाले, सेंटरला धर." मग ती घाईघाईने म्हणाली, "थांबा, ऐका."

तिने फोन मशीनजवळ धरला. खरंच भयंकर आवाज होता, कोणीतरी पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. समोर ट्रकवाला पावती घेऊन थांबला होता. मी त्याला हाताने जरा थांब म्हटलं आणि ऐकत राहिले.