मागचा डावा स्पीकर

बाहुबली मगदूम यांना आवाजातलं सगळं कळतं, ही बातमी राजारामपुरीत सगळ्यांत आधी मला कळली, कारण त्यांची आणि आमची भिंत एकच आहे.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. उद्यमनगरात त्यांचं शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, हा धंदा. तीस वर्षं अण्णा स्वतः त्या ग्राइंडरजवळ उभे राहिले आणि कानात कधी कापसाचा बोळाही घातला नाही. बोळा घालणारा माणूस त्यांच्या लेखी नाजूक. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी शॉप मुलाच्या, अरिहंतच्या ताब्यात दिलं आणि आता आयुष्यात काहीतरी बारीक, नजाकतीचं करायचं असं ठरवलं. या वयात माणसं झाडं लावतात, पेटी शिकतात. अण्णांनी होम थिएटर करायचं ठरवलं.

ठरवण्यात आणि घेण्यात दोन वर्षं गेली. मुलगी बघायला जावं तसे ते पुण्यापर्यंत जाऊन स्पीकर बघून आले. दुकानात डोळे मिटून बसायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "आवाज बरा हाय, पण उघडा न्हाय." दुकानदार घाबरून दुसरा स्पीकर लावायचा. "ह्यो उघडा हाय, पण हवा कमी हाय." उघडा म्हणजे काय आणि हवा म्हणजे काय, हे त्यांना विचारायचं धाडस कुणी केलं नाही. मीही नाही. न कळलेल्या गोष्टीला मान डोलवण्याची सवय मला नोकरीत लागली होती.

शेवटी वरच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली. म्हणजे त्यांची बायको अरुणावैनी तिथं शिलाई मशीन चालवायच्या, ती जिन्याखाली आली. खोलीला काळा रंग लागला, भिंतींना फोम लागला. पुढं तीन, बाजूला दोन, मागं दोन असे सात स्पीकर आणि जमिनीवर गॅस सिलिंडरएवढा एक सबवूफर. स्पीकरच्या जागा अण्णांनी ओळंबा लावून ठरवल्या. मिलिमीटर चुकला तर आवाज रुसतो म्हणाले. वैनी एकदा म्हणाल्या, "माझ्या ब्लाऊजचं माप असं कुणी घेतलं न्हाय." अण्णांना ते ऐकू गेलं नाही. वैनींचं बरंचसं बोलणं त्यांना ऐकू जायचं नाही. ते विचारात असतात, असं आम्ही धरून चालायचो.

मग व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, 'करवीर होम थिएटर परिवार'. अण्णा ॲडमिन. वर्षभरात कबनूरपासून गडहिंग्लजपर्यंतचे दीडशे लोक त्यात आले. दर रविवारी एकानं आपल्या सेटअपचा फोटो आणि सामानाची यादी टाकायची, बाकीच्यांनी 'नाद खुळा' लिहायचं आणि अण्णांनी निकाल द्यायचा, असा रिवाज पडला. निकाल बहुतेक एकच असायचा. आवाज दबलाय, ट्रेबल म्हणजे वरचे बारीक स्वर वाढवा. लोक वाढवायचे. परत विचारायचे. अण्णा लिहायचे, अजून थोडं. त्यातल्या सतरा घरी तर ते स्वतः जाऊन, रिमोट हातात घेऊन, आपल्या कानानं सगळं जुळवून आले.

त्या सतरांत आमचं घर होतं. आमचा स्पीकर लहान होता, पण अण्णांनी माया कमी केली नाही. त्यानंतर बातम्या देणारी बाई तव्यावर उलथणं घासत बोलते आहे असं वाटायला लागलं. माझी बायको म्हणाली, कानात कळ येते. मी तिला सांगितलं, आपल्याला कळत नाही, जाणकार माणसानं लावलंय. आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायला लागली.

ग्रुपमध्ये अण्णांचा उजवा हात म्हणजे कबनूरचे कृष्णात. त्यांचे आठ यंत्रमाग आहेत आणि त्यांचं बालपणच मागांच्या खडखडाटात गेलेलं. अण्णांच्या प्रत्येक निकालाखाली त्यांची सही पडायची, "अण्णा म्हणत्यात ते बरोबर हाय." एक ग्राइंडरवाला आणि एक मागवाला मिळून दीडशे लोकांना सुरांची नजाकत शिकवत होते आणि कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

जानेवारीत अण्णांनी मागच्या डाव्या स्पीकरवर मोठा लेख लिहिला. नवा स्पीकर लोणच्यासारखा मुरावा लागतो, दोन वर्षं वाजल्यावर माझा मागचा डावा आता कुठं उघडलाय, त्याच्यात जो गोडवा आलाय तो उजव्यात अजून न्हाय, वगैरे. लेखाला एकशे बारा अंगठे आले. एक माझा होता.

त्या गोडव्याची कीर्ती ऐकून लोकांनी प्रत्यक्ष दर्शनाची मागणी केली. मार्चमधला एक रविवार ठरला. वेळ दुपारी चारची, कारण मगदूम जैन, त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं. आम्ही बाराजण खोलीत बसलो. अण्णांनी युद्धाच्या सिनेमातला हेलिकॉप्टरचा तुकडा लावला. त्या खोलीत आख्खा सिनेमा कधी कुणी पाहिलेला नाही. तिथं फक्त हेलिकॉप्टर, स्फोट आणि पाऊस यांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे लागायचे.

हेलिकॉप्टर गेलं. सगळ्यांनी श्वास सोडले. बाराजणांत संयोगिता नावाच्या एक बाई होत्या, शाळेत गाणं शिकवणाऱ्या. त्या जरा चाचरत म्हणाल्या, "अण्णा, मागनं डावीकडनं काही येतंय का?"

"येतंय की!" अण्णा म्हणाले. "पुन्हा लावतो, ध्यान देऊन ऐका. हेलिकॉप्टर डोक्यावरनं जाऊन बरोबर त्या कोपऱ्यात उतरतंय."

पुन्हा लावलं. कृष्णात डोळे मिटून म्हणाले, "उतरलं की वो! मला तर वारा लागला."

एवढ्यात अरुणावैनी सरबताचा ट्रे घेऊन आल्या. कोपऱ्याकडं सगळ्यांची बोटं बघून त्यांना वाटलं, काही शोधाशोध चाललीय. त्या म्हणाल्या, "त्या स्पीकरचं म्हणताय व्हय? त्याची वायर मी दिवाळीच्या साफसफाईत काढलो. जळमटं हुती मागं. परत लावायची ऱ्हायली बघा."

 दिवाळी होऊन चार महिने झाले होते. अण्णांनी उठून स्पीकर भिंतीपासून ओढला. मागं वायर गुंडाळून, वर रबर लावून, अगदी नीट ठेवलेली होती.

"पर वारा लागला ते खरं हाय," कृष्णात म्हणाले. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

सरबत आम्ही फार लवकर संपवलं.

त्यानंतर आठवडाभर अण्णा ग्रुपवर आले नाहीत. वैनींवर ते चिडले असतील असं मला वाटलं होतं, पण तसं नव्हतं. ते नुसते वरच्या खोलीत जाऊन बसायचे, एकेक वायर काढायचे, ऐकायचे, परत लावायचे. भिंतीपलीकडून मला सगळं कळत होतं. सात स्पीकर चालू आहेत की पाच, याचा त्यांना पत्ता लागत नव्हता आणि मला लागत होता. शेवटी अरिहंतनं त्यांना कानाच्या दवाखान्यात नेलं.

तिथली हकिकत अरिहंतनं मला सांगितली. कान तपासायच्या त्या बंद खोलीत शिरताच अण्णांनी भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "काम झकास केलंय. फोम कुठनं आणला?" तपासणी करणाऱ्या प्राची नावाच्या मुलीनं त्यांना हेडफोन घातला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. अण्णांनी आधी हेडफोनचं मॉडेल विचारलं. मग काचेपलीकडं तिचा हात हलला की ते बटण दाबायला लागले. पाचव्यांदा दाबल्यावर तिनं दार उघडलं. "काका, मी अजून आवाज सोडलाच नाही. चष्मा वर करत होते."

मग त्यांना पाठ करून बसवलं आणि खरा आलेख निघाला. जाड आवाजांची रेघ बरी होती. बारीक आवाजांकडं आली तशी पन्हाळ्याच्या कड्यावरून दगड सुटावा तशी खाली गेली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांतले वरचे स्वर जवळजवळ गेलेत, बरीच वर्षं झाली, कामावरच्या आवाजानं.

"वरचं म्हंजे ट्रेबल?" अण्णांनी विचारलं.

"ट्रेबलच म्हणा," डॉक्टर म्हणाले.

अण्णांनी आलेखातल्या त्या रेघेवरून बोट फिरवलं. स्पीकरचे असले आलेख त्यांनी शेकड्यांनी वाचले होते. "असा स्पीकर असता," ते अरिहंतला म्हणाले, "तर मी दुकानातनंच परत दिला असता."

कानाची मशीन निवडायला त्यांनी स्पीकरइतका वेळ लावला नाही. एका महिन्यात घेतली. बसवून स्कूटरवरून येताना त्यांनी वाटेत गाडी थांबवली, कारण काहीतरी टिकटिक वाजत होतं. तो इंडिकेटर होता. ती स्कूटर त्यांच्याकडं अकरा वर्षं आहे.

दार उघडून वैनींनी त्यांच्याकडं बघितलं आणि वळता वळता पुटपुटल्या, "आलं ध्यान."

"काय म्हणालीस?" अण्णांनी सवयीनं विचारलं.

"कुठं काय," वैनी सवयीनं म्हणाल्या.

"आलं ध्यान म्हणालीस."

वैनी जागच्या जागी थांबल्या. वीस वर्षं त्या बाईनं नवऱ्याच्या समोर, चार हातांवर उभं राहून, मनात येईल ते बोलून घेतलं होतं. दुसऱ्या बायकांना त्यासाठी माहेर लागतं. ते सगळं स्वातंत्र्य एका दुपारी गेलं. पण त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्या दारातच खाली बसल्या, हसायला लागल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. "ऐकू आलं व्हय तुमास्नी? खरंच आलं?"

"आलं की," अण्णा त्यांच्याजवळ बसत म्हणाले. "एवढी वर्षं काय काय म्हणत हुतीस ते तरी सांग."

"ते सांगायला तेवढीच वर्षं लागतील," वैनी म्हणाल्या.

संध्याकाळी अण्णा वर गेले आणि त्यांनी हेलिकॉप्टर लावलं. दहा सेकंदांत बंद झालं. भिंतीपलीकडं मी कान देऊन होतो. थोड्या वेळानं ते आमच्या दारात उभे. तोंड कच्ची मिरची चावल्यासारखं. "रिमोट द्या जरा," म्हणाले. त्यांनी आमचा ट्रेबल पार खाली आणला. बातम्या देणारी बाई दोन वर्षांनी माणसासारखी बोलली. आतल्या खोलीतून माझी बायको बाहेर आली आणि गुपचूप माझ्या शेजारी येऊन बसली. अण्णा खाली मान घालून म्हणाले, "एवढं कर्कश्श हुतं, बोलला का न्हाईसा?"  जाणकार आहात असं वाटलं, एवढंच होतं, आणि ते तोंडावर सांगवेना.

त्यांनी ग्रुपवर सरळ कबुली लिहिली. माझे कान खराब आहेत, मी सांगितलेलं सगळं चुकीचं होतं, सगळ्यांनी ट्रेबल कमी करा. पुरावा म्हणून कानाच्या आलेखाचा फोटोही जोडला. त्याखाली पहिला अभिप्राय आला, "नाद खुळा अण्णा! कुठल्या ॲम्प्लिफायरचा ग्राफ?"

नुसतं लिहून भागत नाही म्हटल्यावर अण्णा उरलेल्या सोळा घरी स्वतः निघाले. इतक्या तळमळीनं आपलीच चूक पुसत फिरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही, आणि इतका अपमान करून घेणाराही. चारच घरांनी रिमोट हातात दिला. बाकीच्यांना आता तोच आवाज गोड लागत होता. कमी करा म्हटलं की म्हणायचे, दबंल की हो. कृष्णातनी तर रिमोट पाठीमागं धरला. "अण्णा, आधी तुमचं कान चांगलं हुतं. ह्या मशीननं बिघडिवलं." तुम्हीही एकदा तपासून घ्या, असं अण्णा म्हणाले. कृष्णात म्हणाले, "मला काय झालंय? मला वारासुद्धा लागतोय."

गडहिंग्लजला अण्णा एसटीनं गेले. तिथल्या सभासदाची आजी धोंडुबाई नेसरीहून राहायला आली होती. अण्णांनी ट्रेबल खाली आणताच म्हातारी ओरडली, "ए पावणं! हात लावू नगा त्याला. एवढ्या वर्षांनी मला मालिकेतल्या बायका काय बोलत्यात ते कळाय लागलंय." अण्णांनी मुकाट्यानं होतं तसं करून ठेवलं आणि तिच्या नातवाला दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

ग्रुपनं पुढच्या महिन्यात एकमतानं नवा ॲडमिन निवडला. कृष्णात. आता दर रविवारी तेच निकाल देतात.

अण्णा ते वाचत नाहीत. ते पुन्हा शॉपवर जायला लागले आहेत. कामगारांसाठी त्यांनी कानावर लावायची जाड बंद झाकणं आणली. कामगारांनी ती मोठ्या आदरानं गळ्यात अडकवली. अण्णा एकेकाजवळ जाऊन, ती उचलून कानावर ठेवतात आणि वळले की ती परत गळ्यात येतात.

गुंडू हा तिथला सगळ्यांत जुना माणूस, तेवीस वर्षं ग्राइंडरवर. अण्णांनी त्याच्या अगदी जवळ जाऊन विचारलं, "गुंडू, तुला नीट ऐकू येतंय का रं?"

"व्हय अण्णा," गुंडू म्हणाला, "आत्ताच जेवलो की."

अण्णांनी ग्राइंडरचं बटण बंद केलं, त्याच्या हाताला धरलं आणि त्याला स्कूटरवर मागं बसवून दवाखान्याच्या वाटेला लागले.