हिरालालचा नऊ दिवसांचा युरोप

हिरालाल रहांगडालेला भिलाईत ओळखणारे पुष्कळ, पण त्याला पाहिलेले थोडे. तो आमच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर होता. मी राजे, दारुडे, सासरे, सगळं गाजवलं, टाळ्या घेतल्या, आणि तो विंगेत स्टुलावर बसून हातातल्या वहीवर टॉर्च धरून माझ्या आधी अर्धा क्षण माझं वाक्य बोलत राहिला. मी अडखळलो की नाही हे प्रेक्षकांना कधी कळलं नाही. ते श्रेय त्याचं.

आमगावकडच्या धानाच्या शेतीतून तो इथे आला आणि पोलाद कारखान्यात लागला. तिथेही त्याचं काम असंच, मागचं. मिल दुरुस्तीसाठी चार दिवस बंद ठेवायची, तर कोणता रोलर कधी निघेल, क्रेन कधी कोणाकडे जाईल, हे तो मोठ्या ड्रॉइंग शीटवर रंगीत पेन्सिलींच्या आडव्या पट्ट्या ओढून मांडायचा. शेवटच्या पट्टीच्या टोकाला मिल सुरू व्हायचीच. निवृत्तीनंतर ह्या माणसाला पट्ट्या ओढायला काही उरलं नाही. बायको गेल्यावर तर तो भाजी आणायलासुद्धा दोन मजुरांचं काम असल्यासारखा तयार व्हायचा.

म्हणून गेल्या वर्षी त्याच्या मुलाने, शुभमने, "मे महिन्यात आपण सगळे युरोपला जाऊ" म्हटलं, तेव्हा हिरालाल दुसऱ्याच दिवशी सुपेल्याच्या बाजारातून चार ड्रॉइंग शीट घेऊन आला. घरातलं कोणीच तोवर देशाबाहेर गेलेलं नव्हतं. शुभम, सून समीक्षा, नऊ वर्षांची नात मृणाल आणि तो, असे चौघे. नऊ दिवस. ॲमस्टरडॅम, कोलोन, ब्रसेल्स, पॅरिस. सेक्टर दहामधल्या त्यांच्या क्वार्टरच्या जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला, आणि महिनाभर ती मंडळी खाली बसून जेवली.

मला तो तक्ता अजून दिसतो. पाच चाळीस, उठणे. मृणालची आंघोळ, बारा मिनिटं. स्टेशनावर गाडीच्या आधी पंचवीस मिनिटं. खाली तांबड्या पेन्सिलीने, चुकलेल्या गाडीनंतरची गाडी.

"बाबा, पॅरिसमध्ये पन शिफ्ट लागनार का?" समीक्षाने एकदा विचारलं.

"लागनार ना. पह्यली पाळी सहा वाजताच."

सगळे हसले. तीही हसली. आता आठवलं की वाटतं, ती तेवढी हसली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी एकच पट्टी हिरव्या रंगाची होती. ती त्याची स्वतःची. कोलोनपासून गाडीने तासाभराच्या आत एक बंद पडलेली लोखंडाची भट्टी आहे. तिथे लोकांना जिन्याने थेट वर चढून जाता येतं.

"भट्टी पाह्यले युरोपात चालला तू?" मी त्याची टर उडवली. "इथं काय कमी हायेत?"

"तू नाई समजनार, भैय्या." मंडळापासून मी सगळ्यांचा भैय्याजी, त्याचा नुसता भैय्या. तो पेन्सिलीला टोक करत होता. "तीस वर्षं भट्टीच्या बाजूनं ये-जा केली मी. वरून कशी दिसते ते नाई पाह्यलं. चालत्या भट्टीच्या डोक्यावर कोन उभं राहू देते? ही थंडी झालेली हाय. मले तिच्यावर उभं राहून खाली पाहाचं हाय. बस, एवढंच."

एवढंच. ह्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी ओढलेली ती मला माहीत असलेली एकुलती एक पट्टी.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं होतं. त्याच्या आठवडाभर आधी शुभम माझ्याकडे जुनवानीला आला. मी एकटा राहतो. त्याने माझ्यासाठी जिलेबी आणली होती, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"काका, बाबांचे गुडघे पाहिले ना तुम्ही? रोज ट्रेन, रोज चढउतार. वहाँ कुछ हो गया तो?"

"डॉक्टर काय म्हनते?"

"डॉक्टर म्हनते, जाऊ द्या." त्याने जिलेबीचा पुडा माझ्याकडे सरकवला. "खरं सांगू का? समीक्षा रडून राहिली, काका. बारा साल में पहली छुट्टी, त्यात पन पाच चाळीसले उठा. आमाले बी कुठं तरी निवांत बसावं वाटते ना. घड्याळ न पाहता."

"मग त्याले सरळ सांग ना."

"हिम्मत नाही होत. एवढा तक्ता बनवला त्यांनी." आणि मग खाली पाहून, "तुम्ही बिमार पडा, काका. सिर्फ तुमच्यासाठीच थांबतील ते. आणि मनापासून थांबतील, दुखावनार बी नाहीत."

मी नाही म्हणायला हवं होतं. पोराला दाराबाहेर काढायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर ऐका: रंगमंचावर मी शेवटचा उभा राहिलो त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांनी कोणीतरी मला भूमिका देत होतं. शुभम समोर बसलेला असतानाच मी ठरवायला लागलो की खुर्ची खिडकीजवळ हवी, उजेड एका गालावर हवा, आणि आवाज दुसऱ्या वाक्यापर्यंत ठीक राहून तिसऱ्याला तुटायला हवा.

दुसऱ्या दिवशी हिरालाल आला. मी उठायला गेलो, हात कपाळाकडे नेला, खुर्चीची पाठ चाचपली आणि बसलो. चक्कर येते, म्हटलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर एकटं राहू नका. माझं काय, मी बघेन. तू जा.

त्या "तू जा"वर मी जरा जास्त थांबलो. उत्तम जमलं होतं.

हिरालालने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "नाई जात मी." आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा शोधायला लागला.

तो माझ्याकडेच राहायला आला. सकाळी खिचडी, दुपारी वरण-भात. मी घेतल्याचं सोंग करत होतो त्या गोळ्यांची वेळ त्याने भिंतीवर लिहून लावली. मी बाथरूमला गेलो की दाराबाहेर उभा राहायचा. लाज वाटत होती का? वाटत होती. पण रोज थोडी सुधारणा, रोज थोडी घसरण, हे मी बारकाईने करत होतो. प्रयोग चांगला चालला की नटाला लाजेचं फार काही वाटत नाही.

पाचव्या दिवशी शुभमचा मुंबईहून फोन आला. तिघांचं व्हिसाचं काम झालं, हिरालालची तारीख गेली. हिरालालने "बरं झालं" म्हणून फोन ठेवला, माझ्या पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला,

"आता उठून बस. झालं त्यांचं काम. हे नाटक बस्स कर."

मी अजूनही कण्हलो. सवय.

"अबे, तुह्या प्रत्येक मरनाले मी तीन-तीन हात लांबून पाह्यलं हाय. पह्यल्या दिवशीच समजलं. हात कपाळाले, मग खुर्ची, मग 'तू जा'."

"मग थांबला कावून?"

तो हसला, अगदी साधं, ओशाळवाणं. "मले वाटलं, तुले एकटं राहवत नाई. सांगाची लाज वाटते मून सोंग करून राहिला. चाळीस वर्षांत तू मले कधी थांब म्हनलं नाई. आता म्हनून राहिला तं थांबलो. युरोप काय, कुठं पळून चालला."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. हो, एकटं राहवत नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या त्या चांगुलपणापुढे माझ्याने सोंग टिकेना.

"मी नाई, हिरा. शुभमनं सांगितलं होतं."

त्याचा चेहरा बदलला नाही. एवढंच विचारलं, "कावून?"

मी सांगितलं. पाच चाळीस, समीक्षाचं रडणं, निवांत बसणं, सगळं. तो उठला, भिंतीवरचा गोळ्यांचा कागद काढला, नीट चार घड्या करून खिशात ठेवला आणि चपला घालून निघून गेला.

तीन दिवसांनी परत आला. दारातूनच बोलला.

"मी शुभमले काई म्हनलं नाई. तूही म्हनू नको. पोरीले तिच्या बापानं सांगितलं हाय का भैय्याजी आजोबा लय बिमार हाय मून आजोबा थांबले. नऊ वर्षांची हाय ते. तिच्यासमोर तिचा बाप खोटा नाई पडला पाहिजे. मून आता तुले बिमारच राहा लागते. ते येऊन जाईपर्यंत."

"हिरा, मी माफी..."

"तक्ता तिघांसाठी केला मी नवा. सगळ्या गाड्या एकेक तास उशिरा घेतल्या. चौथ्या दिवशी दुपारी लिहून देल्लं, निवांत बसने."

ते गेले, नऊ दिवस फिरले, आले. आल्यावर रविवारी शुभम मृणालला घेऊन माझ्याकडे आला, बरोबर हिरालाल. मी पलंगावर पडून होतो. मृणालने माझ्या हातात एक लोकरीची टोपी ठेवली.

"भैय्याजी आजोबा, अब आप ठीक हो? आजोबा आपके लिए रुक गए थे ना? पापा ने बोला, असली दोस्त ऐसा होता है।"

शुभम मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला. मी हिरालालकडे पाहिलं. तो पुढे आला, माझ्या मानेखाली उशी सरकवली, काळजीपूर्वक, खऱ्या आजाऱ्याची सरकवतात तशी, आणि नातीला म्हणाला,

"सुधारून राहिला, बेटा. पन धाप लागते अजून. जास्त बोलवू नको त्याले."

मी मान हलवली. टोपी घातली. मृणालने टाळ्या वाजवल्या.

ती चहाला थांबली नाहीत. हिरालालने नातीचा हात धरला आणि माझ्याकडे न पाहता दार ओढून घेतलं. मी उशीला टेकून तसाच पडून राहिलो, तोंड अर्धं उघडं, श्वास जड. पोरगी अजून जिन्यावरच होती. मी उठलो असतो तर तिला ऐकू गेलं असतं.