शिफ्टखालचा लांब स्क्रू

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदारांना सगळे पिनवाले म्हणतात, कारण त्यांच्या कॉलरला कायम एक सरळ केलेली पिन टोचलेली असते. सीडीचा अडकलेला ट्रे काढायला ती लागते. ड्राइव्हच्या बारीक भोकात पिन खुपसून ते दटावतात, "आ कर बघू!" ट्रे बाहेर आला की म्हणतात, "शहाणा माझा!"

लॅपटॉप उघडताना ते पुठ्ठ्यावर त्याची चौकट आखून घेत आणि निघालेला प्रत्येक स्क्रू जागच्या जागी त्यात खोचत. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर तो आतून वर ढोसतो, म्हणून ही काळजी. पण अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. दुसऱ्या गावी बँकेत असलेली मुलगी दर फोनवर सांगे, "बाबा, दुकान बंद करा आणि माझ्याकडे या." पिनवाल्यांचं उत्तर ठरलेलं, "हात हलतो, काम हलत नाही. माझी एक चूक दाखव, त्याच दिवशी कुलूप लावतो."

माझा लॅपटॉप इतका संथ झाला होता की तो चालू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. पिनवाल्यांनी त्यात नवी, वेगवान डिस्क बसवली. सीडी ड्राइव्ह काढून त्या खाचेत जुनी डिस्क ठेवली. आमच्या ह्यांच्या सीड्यांवरचे फोटो त्याआधी आठवणीने उतरवून घेतले. "मावशी, आता चहा उभ्याउभ्याच घ्यावा लागेल," म्हणाले.

वर येऊन मी जिन्यात लावायची सूचना टाईप केली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने शिकवलं तसं, टाईप करताना मी कळांकडे बघत नाही. कागद छापून हातात घेतला, तर त्यावर होतं: "जिन्यात कोकी टेवू नका. दडपडायला होते."

ख, ठ, ध ही अक्षरं मी डावी शिफ्ट दाबून काढते, आणि ती कळ दबतच नव्हती.

मी कागद आणि लॅपटॉप घेऊन खाली गेले. पिनवाल्यांची मुलगी सुट्टीला आली होती. तिने कागद मोठ्याने वाचला आणि खो खो हसत सुटली. "आजी, कवळी काढून टाईप केलंत का?"

मलाही हसू आलं. पिनवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तिथे टेंगूळ आलं होतं. माझ्या तेव्हा लक्षात आलं, मी काय घेऊन आले होते ते.

"राहू दे," मी घाईने म्हटलं, "माझ्याच हातून काहीतरी सांडलं असेल."

"मावशी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. या वयात शिकू नका."

त्यांनी लॅपटॉप उलटा केला, कोपऱ्यातला स्क्रू काढला आणि मुलीसमोर ठेवला. लांब होता.

"पुठ्ठा कुठाय?" तिने विचारलं.

"भोकं वेडीवाकडी पडतात. तू बघशील म्हणून या वेळी घेतलाच नाही."

मुलीने डबीतून आखूड स्क्रू शोधला आणि स्वतःच पिळून बसवला. कळ दबू लागली.

"कुलूप खिळ्याला आहे," पिनवाले म्हणाले. "मीच बोललो होतो."

इतके दिवस हेच मागणारी मुलगी आता कुलपाकडे बघेना. भिंतीशी मांडलेल्या मोठ्या कॉम्प्युटरांपैकी एकाच्या मागे तिने हात घातला. "बाबा, याचे स्क्रू तर बोटांनी फिरतात ना?"

"फिरतात. आतली डिस्क काय, सीडी ड्राइव्ह काय, सगळं मोठ्या स्क्रूंवर."

"मग कुलूप असू द्या तिथेच."

"म्हणजे लॅपटॉपवाल्यांना नाही म्हणायचं," पिनवाले म्हणाले. ते म्हणायला त्यांना जड गेलं. मग माझ्याकडे वळले. "मावशी, तुमची कळ दबते का बघायला एक ओळ टाईप करा."

त्यांनी सांगितलं तसं मी केलं: "फक्त मोठे कॉम्प्युटर उघडले जातील."

छापलेला कागद त्यांनी उजेडात धरला. कागद हलत होता, तरी त्यांनी फ, ठ, घ एकेक करून तपासले आणि दारावरच्या लॅपटॉपच्या चित्रावर स्वतःच्या हाताने चिकटवला. थोडा तिरका लागला. मुलीने तो सरळ केला नाही.