एक दात वर

कापडे गावचे महिपत उतेकर आठवड्यातून दोनदा पत्नी तुळसाबाईंना डायलिसिससाठी महाडला नेतात. गाडी मुलाची. ती लिटरला अठराऐवजी अकराच किलोमीटर जाऊ लागली, तेव्हा मुलाने मुंबईहून बजावले, की महिन्यात सुधारली नाही तर विकून टाकू.

पोलादपूरच्या अंकुश मेस्त्रीने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला तो वैतागून स्वतःच गाडीत शेजारी बसला. चार किलोमीटरवर गाडी थांबवून त्याने मागच्या चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काका, हँडब्रेक लावून चालवताय?"

"एकच दात वर हाय. घर उतारावर ना, सवय लागली."

"मग लाल दिवा पेटत नाय?"

"पेटतो. डोळ्यांत खुपायचा." महिपतांनी दिव्यावर चिकटवलेली टिकली दाखवली.

"माझी हाय ती," मागच्या सीटवरून तुळसाबाई म्हणाल्या. "मला म्हणाले, दिवा बिघडलाय."

अंकुशने कपाळाला हात लावला.

झिजलेले ब्रेक शू बदलल्यावर गाडी सतरावर आली. फिल्टर खराब होता, असे महिपतांनी मुलाला कळवले. गाडी राहिली. निघताना हँडब्रेक आता तुळसाबाई तपासतात.